अंगणातले शेवाळ

आमच्या अंगणात सिमेंटच्या जुन्या फरशा आहेत. पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते. यंदा श्रावणात आजी त्यावरून घसरली आणि तिचे मनगट मोडले. म्हणून आम्ही फरशा साफ करायला घेतल्या.

शेजारचे काका म्हणाले, "ॲसिड ओता, झटक्यात निघेल." बाबांनी बाटली आणलीसुद्धा. पण गुरुजींनी आम्हांला सिमेंटच्या जुन्या तुकड्यावर लिंबू पिळून दाखवले होते. बारीक बुडबुडे आले! सिमेंटात चुना असतो, आंबट पदार्थ तो खातो. ॲसिड तर लिंबापेक्षा किती जहाल! त्याने फरशी खरखरीत होते, मग तिच्यात पाणी मुरते आणि शेवाळ पुन्हा लवकर धरते. शिवाय ॲसिडात ब्लीचिंग पावडर मिसळली तर विषारी वायू निघतो. मी हे सगळे सांगितले, तेव्हा बाबांनी बाटली परत केली.

मग आम्ही पाणी टाकून खराट्याने खसाखसा घासले. सांध्यांतली माती खुरप्याने उकरली व तिथे कोरडी बारीक वाळू भरली. पेरूच्या सावलीत फरशी वाळतच नव्हती, म्हणून एक फांदी छाटली. न्हाणीचे पाणी अंगणात यायचे, त्याला चर काढून दिला.

आता पाय सरकत नाही. आजी मात्र अजून माझा खांदा धरूनच अंगणात उतरते.