विनोदी नटाची मिळकत आणि तिचे दस्तऐवज

बारावीचा निकाल लागून प्रवेशाच्या धावपळीला आरंभ झाला म्हणजे, ज्या घरातला मुलगा स्नेहसंमेलनात मुख्याध्यापकांची हुबेहूब नक्कल करून टाळ्या मिळवीत आलेला असतो किंवा ज्या घरातली मुलगी एकांकिका स्पर्धेतून अभिनयाचे पारितोषिक घेऊन परतलेली असते, त्या घरात, दिवाणखान्यात नाही तरी स्वयंपाकघरात, एक प्रश्न विचारला जातोच: लोकांना हसवून आयुष्यभर पोट भरता येते काय? मुले याला उत्तर म्हणून हल्ली मोबाइलवरचा एक आकडा पुढे करतात. अमुक विनोदी नटाची संपत्ती इतके कोटी. आईवडील तो पाहून हरखतात किंवा धास्तावतात, आणि माझ्या मते दोन्हींचे कारण नाही. कारण एक तर त्या नटाची खतावणी उघडून कोणी तो आकडा काढलेला नसतो, आणि तो खरा धरला तरी पैसा कोणत्या वाटेने आला, किती काळ टिकला व कोठे गेला, याचा त्यावरून काहीच बोध होत नाही.

तो बोध व्हावयाचा तर एखाद्या कलावंताचा पन्नाससाठ वर्षांचा जमाखर्च डोळ्यांखालून घालावा लागतो. जॉन क्लीज या इंग्रज प्रहसनकार नटाचे उदाहरण मी त्यासाठी घेतो. त्याच्याहून श्रीमंत विनोदी नट पुष्कळ आहेत. परंतु पैशाविषयी, आणि त्यातही गमावलेल्या पैशाविषयी, इतके मोकळेपणाने बोलणारा दुसरा सहसा आढळत नाही.

क्लीजचा जन्म 27 ऑक्टोबर 1939 रोजी वेस्टन-सुपर-मेअर या इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गावी झाला. वडील विम्याचे विक्रेते. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव ‘चीज’. त्यावरून चेष्टा होऊ नये म्हणून पहिल्या महायुद्धात सैन्यात दाखल होताना त्यांनी ते बदलून घेतले होते. हशाला एवढे भिणाऱ्या गृहस्थाच्या पोटी हशावर उदरनिर्वाह करणारा मुलगा जन्मावा, ही नियतीची थट्टाच म्हणावयाची. मुलाने केंब्रिजला जाण्याचे ठरविले, तेव्हा सक्तीची लष्करी भरती नुकतीच बंद होत असल्यामुळे विद्यापीठांच्या दारी उमेदवारांची दुप्पट गर्दी झाली होती, आणि प्रवेशासाठी त्याला दोन वर्षे थांबावे लागले. ही दोन वर्षे त्याने आपल्याच जुन्या शाळेत मास्तरकी करून काढली. एक वर्ष फुकट गेले म्हणजे आयुष्य बुडाले असे समजणाऱ्या आपल्याकडील पालकांनी या दोन वर्षांकडे जरा सावकाश पाहावे, कारण दहा वर्षांच्या खोडकर पोरांनी भरलेल्या वर्गाला ताब्यात ठेवणे यापरते विनोदी नटाला दुसरे शिक्षण कोणते?

केंब्रिजमध्ये त्याने कायद्याचा अभ्यास केला, ‘फूटलाइट्स’ या विद्यार्थ्यांच्या नाट्यमंडळात प्रहसने लिहिली, आणि 1963 मध्ये पदवी घेतली. लंडनच्या एका वकिली पेढीत उमेदवारीची जागा त्याच्यासाठी ठरली असतानाच बीबीसीच्या नभोवाणी विभागाकडून विनोदी लेखनाच्या पगारी नोकरीची विचारणा झाली. आईवडिलांची समजूत पटली ती विनोदाच्या थोरवीने नव्हे. त्या नोकरीला पेन्शन होते! तरीही पित्याची काळजी मिटली नाहीच. मुलगा न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर उभा असताना, मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानाच्या नोकरवर्ग खात्यात जागा पाहावी, असे ते त्याला पत्रातून सुचवीत होते. त्याचा लेखनातला जोडीदार ग्रॅहॅम चॅपमन तर वैद्यकीय शिक्षण पुरे करीत होता. न्यूझीलंडच्या दौऱ्यासाठी शिक्षणात खंड पाडावयाचा होता, पण घरी सांगण्याची छाती होईना; तेवढ्यात राजमाता महाविद्यालयाच्या समारंभास आल्या आणि चहाच्या वेळी, तो देश फार सुंदर आहे, अवश्य जा, असे म्हणाल्या. चॅपमनने हा जणू शाही हुकूमनामाच म्हणून घरी पेश केला. (ही हकीकत ज्या आत्मचरित्रात आहे, त्याला चॅपमनने स्वतःच लबाडाचे आत्मचरित्र असे नाव दिलेले आहे, तेव्हा वाचकांनी आपल्या जबाबदारीवर ती खरी मानावी.) दौऱ्यावरून परत येऊन तो डॉक्टर मात्र झाला. ‘मॉन्टी पायथन’ या प्रहसनमंडळीचे नाव ज्या सहा जणांनी जगभर नेले, त्यांच्यात एक वैद्य, एक कायद्याचा पदवीधर आणि बाकीचे साहित्य, इतिहास, राज्यशास्त्र शिकलेले. पदवी अर्धवट टाकून पळालेला एकही नाही.

‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ ही मालिका 5 ऑक्टोबर 1969 रोजी बीबीसीवर सुरू झाली आणि तिचे 45 भाग झाले. पहिल्या 39 भागांनंतर, लोकप्रियता चढती असतानाच, क्लीज पुनरावृत्तीला कंटाळून बाजूला झाला. त्याने आणि त्याची पत्नी कॉनी बूथ हिने नंतर लिहिलेल्या ‘फॉल्टी टॉवर्स’ या, एका तिरसट हॉटेलमालकावरच्या, मालिकेचे तर 1975 आणि 1979 या दोन वर्षांत मिळून अवघे 12 भाग निघाले. तिचे बीज असे पडले: 1970 मध्ये चित्रीकरणासाठी ही मंडळी टॉर्की येथील एका हॉटेलात उतरली असता, तेथील मालकाने एकाला काटासुरी धरण्याच्या अमेरिकन पद्धतीवरून टोकले, आणि दुसऱ्याची बॅग, तीत बॉम्ब असावा या संशयाने, नेऊन बाहेर भिंतीपलीकडे ठेवली. इतर सारे वैतागून दुसऱ्या हॉटेलात गेले. क्लीज मात्र तेथेच राहिला आणि त्या तिरसट यजमानाला न्याहाळीत बसला. पुढे एकेका भागाच्या लेखनावर नवराबायकोंनी सहा सहा आठवडे खर्च केले. बीबीसीच्या एका परीक्षकाने पहिली संहिता वाचून अत्यंत प्रतिकूल अभिप्राय दिला होता. 2000 साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने दूरचित्रवाणीच्या जाणकारांचा कौल घेतला, तेव्हा ब्रिटनच्या सर्वोत्कृष्ट कार्यक्रमांत तीच मालिका पहिली आली. पण एवढ्या दीर्घ लेखनाची मजुरी बीबीसीच्या मानधनातून निघण्यासारखी नव्हती. घरखर्च चालला तो क्लीजने केलेल्या जाहिरातींवर, आणि जाहिराती नसत्या तर संहितेला इतका वेळ देणे परवडले नसते, हे त्याने स्वतः सांगितलेले आहे. जाहिरात करणाऱ्या नटाकडे नाक मुरडणाऱ्या आमच्या रसिकांनी हे लक्षात ठेवावे.

आता दस्तऐवजाकडे वळू, कारण माझ्या मते या साऱ्या चरित्रातले विद्यार्थ्यांनी सर्वांत बारकाईने अभ्यासावे असे प्रकरण तेच आहे. ऑक्टोबर 1975 मध्ये ‘एबीसी’ या अमेरिकन वाहिनीने पायथन मालिकेचे तीन भाग जोडून एक कार्यक्रम दाखविला आणि, जाहिरातींना जागा व्हावी व काही मजकूर तिला असभ्य वाटला म्हणून, मूळच्या 90 मिनिटांतून 24 मिनिटे कापली. प्रहसनात टाळी घेणारे शेवटचे वाक्य गेले तर आधीची चार मिनिटे निरर्थक होतात, हे ज्याने कधी शाळेच्या रंगमंचावर काम केले आहे त्याला सांगावयास नको. कलावंतांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात फिर्याद गुदरली. एबीसीचा बचाव असा की, आम्ही हक्क रीतसर विकत घेतले आहेत. परंतु बीबीसीशी झालेल्या मूळ करारनाम्यात लेखकांना विचारल्यावाचून संहितेत मोठे फेरफार करता येणार नाहीत अशी अट होती, आणि मूळ संहितेचे हक्क लेखकांनी आपल्याकडेच राखले होते. 1976 मध्ये अपील न्यायालयाने कौल दिला तो कलावंतांच्या बाजूने: जो हक्क बीबीसीपाशीच नव्हता, तो तिने दुसऱ्यास विकला म्हणून दुसऱ्यास कसा प्राप्त होणार? पुढे झालेल्या तडजोडीतून मालिकेच्या फितींवरील हक्कच कलावंतांकडे आले, आणि नंतरच्या काळात कॅसेटी, तबकड्या व पुनःप्रक्षेपणे यांचे उत्पन्न त्यांच्या घरी येऊ लागले. येथे ध्यानात घ्यावे की, हे सहा जण केवळ नट असते तर ही अट त्यांच्या कामी आली नसती. ते लेखक होते म्हणून ती आली.

तरी क्लीजला श्रीमंत केले ते चित्रपटांनी किंवा दूरचित्रवाणीने नव्हे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. 1972 मध्ये, पुढे ‘येस मिनिस्टर’चा सहलेखक म्हणून प्रसिद्धीस आलेला अँटनी जे आणि अन्य सहकारी यांच्यासह त्याने ‘व्हिडिओ आर्ट्स’ ही कंपनी काढली. कारखाने, बँका, सरकारी कचेऱ्या येथील अधिकाऱ्यांना ग्राहकाशी कसे बोलावे, बैठक कशी घ्यावी, हे शिकविणारे छोटे विनोदी बोधपट ती तयार करी. 1976 च्या तिच्या एका बोधपटात, ढिसाळपणे बैठका घेणारा एक व्यवस्थापक स्वप्नात न्यायालयासमोर उभा राहतो. तयारीवाचून बैठक बोलाविणे, चर्चा भरकटू देणे, असे आरोप त्याच्यावर एकामागून एक ठेवले जातात, आणि पाहणारा अधिकारी हसता हसता आपलाही अपराध मोजू लागतो. केंब्रिजची कायद्याची पदवी अशी भलत्याच ठिकाणी कामी आली. या बोधपटांना तिकीटखिडकी नव्हती. पण कचेऱ्या ते विकत वा भाड्याने घेत, वर्षानुवर्षे वापरीत, आणि कंपनीत क्लीजचा हिस्सा होता. भागीदारांनी 1989 मध्ये कंपनी विकली तेव्हा त्याच्या हाती आलेली रक्कम त्याच्या कोणत्याही भूमिकेच्या मोबदल्याहून मोठी असावी. त्याच्या आदल्याच वर्षी आलेल्या ‘अ फिश कॉल्ड वाँडा’ने पटकथेसाठी ऑस्करचे नामांकनही मिळवून दिले होते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर गृहस्थ सर्वार्थाने सुस्थित होता.

आणि तरीही 2011 मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, तो इंग्लंडभर एकपात्री प्रयोग करीत हिंडत होता, आणि त्या दौऱ्याला त्याने नावच ‘पोटगी दौरा’ असे दिले होते. तिसऱ्या घटस्फोटाच्या तडजोडीत सुमारे 1 कोटी 20 लाख पौंडांची देणी त्याच्या अंगावर पडली होती. इकडे 2013 मध्ये एका जुन्या पायथन चित्रपटाच्या निर्मात्याने, त्यावरून पुढे निघालेल्या संगीतिकेच्या उत्पन्नातील वाट्याबद्दल, सर्व कलावंतांविरुद्ध लंडनमध्ये दावा जिंकला. वाद होता चाळीस वर्षांपूर्वीच्या करारातील शब्दांच्या अर्थाचा. जो कागद एकदा तारक झाला होता, तसाच दुसरा आता मारक झाला. या निकालाच्या खर्चाची भरपाई, हे 2014 च्या जुलैमध्ये लंडनच्या ओटू सभागृहात झालेल्या दहा पुनर्मीलन प्रयोगांचे एक उघड कारण होते. त्याचाच सहकारी एरिक आयडल याने 2024 मध्ये, ऐंशीच्या वयातही आपणास पोटासाठी काम करावे लागते, असे जाहीरपणे लिहिले. मोबाइलवरच्या त्या आकड्यात यातले काय दिसते?

तेव्हा चिंताग्रस्त पालकांस माझे सांगणे असे की, मुलाला पदवीपर्यंत नाटक सोडावयास लावू नका आणि मुलाने नाटकासाठी पदवी सोडू नये. आपल्या पु. ल. देशपांडे यांनी कायद्याची पदवी घेतली, अध्यापन केले, नभोवाणीची नोकरी केली आणि बीबीसीत जाऊन प्रशिक्षणही घेतले. अशोक सराफ यांनी दहा वर्षे स्टेट बँकेत काढली. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या प्रवेशासाठीही पदवी लागतेच. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाचा नाट्यविभाग येथे शिस्तीचे शिक्षण मिळते. परंतु पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धेत जो विद्यार्थी केवळ भूमिका न मागता संहिता लिहिण्याचे अंगावर घेतो, त्याच्याविषयी मला अधिक भरवसा वाटतो. नकला करणाऱ्यांची वाण आपल्याकडे कधीच नव्हती.

आणि लिहिणाऱ्याने कायद्याची चार कलमे पाठ करावीत. आपल्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे नोकरीत असताना लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणाराच ठरतो. हक्काचे हस्तांतर लेखी असावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. 2012 च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटात घेतलेल्या लेखनाच्या चित्रपटगृहाबाहेरील वापराबद्दलच्या स्वामित्वधनातला निम्मा वाटा लेखकाला सोडून देताही येत नाही, त्याने तसे लिहून दिले तरी. वाहिन्यांच्या छापील करारांतून मात्र ‘सर्व माध्यमांत, सर्व जगात, कायमस्वरूपी’ अशी शब्दावली सर्रास आढळते. पहिलेच काम मिळाल्याच्या आनंदात वीस वर्षांचे पोर त्यावर डोळे मिटून सही करते. विम्याचा अर्ज किंवा घराचे खरेदीखत ओळ न् ओळ वाचल्याशिवाय सही न करणाऱ्या वडिलांनी त्या दिवशी आपला चष्मा काढून तो करारही वाचावयास बसावे, आणि संहिता वाहिनीकडे देण्यापूर्वी मुंबईच्या पटकथालेखक संघटनेकडे तिची नोंदणी झाली आहे की नाही, एवढे मुलाला विचारून घ्यावे.