वीस तारखेच्या आधी

प्रश्न : मी मुलुंडला एसवायबीकॉमला आहे. नोकरीची तयारी आत्तापासून कशी करू?

उत्तर : आधी घराजवळच्या सीए कार्यालयात सुट्टीपुरतं काम विचार. तिथे मासिक जीएसटीआर-१ विवरणपत्र सहसा ११ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत भरायचं असतं. त्या धावपळीत बिलं जुळवणं, चुकीचा जीएसटी क्रमांक हुडकणं, बँकेचा ताळमेळ घालणं हे सगळं हाताखालून जातं. टॅली आणि एक्सेल पक्कं होतं ते असं. नुसत्या सर्टिफिकेटवर पैसे घालवू नकोस. बायोडेटात 'मेहनती' नको, केलेलं काम लिही. पदवीनंतर १९६१च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली विद्यावेतनासह उमेदवारीही करता येते; त्यासाठी सरकारच्या नॅट्स पोर्टलवर नोंदणी कर. इंग्रजी ईमेलची भीती वाटत असेल, तर रोज एक लिहून प्राध्यापकांकडून तपासून घे.