चमकीची फिरकी

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीचा गुडघा दुखावला आणि डॉक्टरांनी एम.आर.आय. तपासणी करून घ्यायला सांगितले. अंगावर धातूची एकही वस्तू नको, अशी सूचना होती. बांगड्या निघाल्या, कानातले निघाले. नाकातली चमकी मात्र निघेना. रात्री दहा वाजता आमच्या सांताक्रूझच्या घरी ती आरशासमोर मान मागे टाकून फिरकीशी झटापट करीत होती. शेवटी वैतागून म्हणाली, "मामा, तू फिजिक्स शिकवतोस ना? मग ही कुठल्या बाजूला फिरवायची ते सांग!"

मी उत्तर दिले आणि ते चुकले. का चुकले, ते पाहू या.

चमकीला बाहेरून खडा असतो. त्याला जोडलेल्या बारीक दांडीवर आटे पाडलेले असतात आणि नाकपुडीच्या आतून त्यांवर फिरकी बसते. म्हणजे हा छोटासा बोल्ट आणि नट झाला. कागदाचा काटकोन त्रिकोण कापून पेन्सिलीभोवती गुंडाळा. कर्णाची जी वळत चढणारी रेषा दिसेल, तेच मळसूत्र. बहुतेक मळसूत्रे उजवी असतात. जो भाग फिरवायचा त्याच्या बाजूने पाहिले असता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवल्यास ते आवळते, उलट फिरवल्यास सैल होते.

आता घरातला एखादा बोल्ट घेऊन आरशासमोर धरा. प्रतिबिंबातले आटे डावे दिसतील! आरशात पाहून फिरवणारा माणूस सैल करण्याऐवजी आवळत जातो तो यामुळे. मीही प्रतिबिंबाकडेच पाहत होतो. तेव्हा डोळे मिटा आणि बोटांवर भरवसा ठेवा. आपल्याकडे चमकी बहुधा डाव्या नाकपुडीत असते. तेथे फिरकीची खालची कड नाकाच्या शेंड्याकडे आणि वरची कड चेहऱ्याकडे सरकली, की ती सैल होते. उजव्या नाकपुडीत हे उलट होईल. (का, ते कागदावर आकृती काढून स्वतः ठरवा.) दुसऱ्या हाताने बाहेरचा खडा घट्ट धरायला विसरू नका, नाहीतर फिरकी आणि दांडी दोन्ही मिळून गोल फिरतील आणि आत जखम होईल. हाताने पाडलेले आटे क्वचित डावेही असू शकतात. म्हणून अडले तर जोर लावू नये.

अडण्याचे मुख्य कारण घर्षण. आट्यांत घाम, त्वचेचे तेल आणि नाकातला वाळलेला स्राव साचतो. सांताक्रूझ हे नाव तुम्ही वेधशाळेच्या पावसाच्या आकड्यांबरोबर ऐकलेले असते. २६ जुलै २००५ रोजी येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा दमट गावात घामाला तोटा नाही!

"कोमट पाण्याने शेक, म्हणजे धातू प्रसरण पावून फिरकी सुटेल," असा सल्ला आमच्या शेजारच्या काकूंनी दिला. सल्ला चांगला, कारण मात्र चुकीचे. सोन्याचा रेषीय प्रसरणांक सुमारे १४ × १०⁻⁶ प्रति अंश सेल्सिअस आहे. दांडीचा व्यास ०.८ मिलिमीटर आणि तापमानातली वाढ १५ अंश धरली, तर व्यास वाढेल ०.८ × १४ × १०⁻⁶ × १५, म्हणजे सुमारे ०.०००१७ मिलिमीटर! शिवाय दांडी आणि फिरकी एकाच धातूच्या असल्याने दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढणार. कोमट पाण्याचा खरा उपयोग म्हणजे वाळलेला मळ भिजून सुटतो. चिमूटभर मीठ घातलेल्या स्वच्छ कोमट पाण्यात कापूस बुडवून पाच-दहा मिनिटे धरावा. पाणी अंगाला सोसेल इतकेच गरम असावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मान मागे टाकली की नाकाचा तळ घशाकडे उतरता होतो. सुटलेली फिरकी गुरुत्वाकर्षणाने आत जाते, आणि त्या क्षणी श्वास घेतला तर थेट श्वासनलिकेत! गिळली गेली तर ती बहुधा आपोआप शौचावाटे पडते. श्वासनलिकेत गेली तर दुर्बिणीने काढावी लागते. भारतातल्या अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. म्हणून पुढे वाकावे, खाली पांढरा टॉवेल पसरावा आणि फिरकी सुटेपर्यंत तोंडाने श्वास घ्यावा. सुटलेली फिरकी खाली टॉवेलवरच पडेल. ती आत गेली आणि खोकला किंवा घरघर सुरू झाली, तर घरी उपाय न करता तडक रुग्णालयात जावे.

नाक नुकतेच टोचले असेल तर हे काहीच करू नये. नाकपुडीचे छिद्र पुरते भरून यायला चार ते सहा महिने, कधी अधिकही लागतात. तेथे सूज, पू किंवा ताप आला, तरी चमकी स्वतः काढू नये. छिद्र मिटून पू आत कोंडतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, भोवतालच्या आवरणातून तिचे पोषण होते, म्हणून तिथला जंतुसंसर्ग हट्टी असतो. अशा वेळी डॉक्टरांकडेच जावे. चमकीभोवती सारखी खाज येत असेल, तर मिश्रधातूतल्या निकेलवर संशय घ्यावा. २२ कॅरट सोन्यात ९१.६ टक्के सोने असते. उरलेले काय आहे, ते सोनाराला जरूर विचारा.

नथीची तऱ्हा वेगळी. तिचे मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबाच्या आम्लाने ते फसफसते, तेच मोत्याचेही होणार. चिंच, लिंबू, व्हिनेगर नथीला लावू नये. मऊ ओल्या कापडाने पुसून कोरडी करावी. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले संशोधक प. कृ. गोडे यांनी नथीच्या इतिहासावर लेख लिहिला होता. हा अलंकार फार प्राचीन नाही, असे त्यांचे मत होते.

आमची फिरकी अखेर पावणेअकराला टॉवेलवर पडली. लगेच भाचीचा पुढचा प्रश्न आला : "सोने तर चुंबकाला चिकटत नाही, मग काढायचे कशाला?" त्या यंत्रात चुंबकाबरोबर रेडिओलहरीही वापरतात. त्यांच्यामुळे धातूत विद्युत्प्रवाह निर्माण होऊन तो तापू शकतो, आणि दागिन्यात लोखंडाचा अंश नाहीच, याची खात्री कोण देणार?