शेतांतील मापनयंत्रांचा लिथियम घट

पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्राचें नांव भातकरी वाचकांस नवें नाहीं; खारवट जमिनींत तग धरणारीं ‘पनवेल’ नांवाचीं भाताचीं वाणें तेथूनच आलीं. नवीन पनवेलच्या खाडीकडील अशा खाजणांत ओल किंवा क्षार मोजणारें यंत्र वर्षानुवर्षें ठेवावयाचें, तर पहिला प्रश्न विजेचा. जस्ताचा साधा सेल दमटपणांत गळतो, आणि आषाढांत सूर्यपट्टीवर भिस्त ठेवतां येत नाहीं. म्हणून पुष्कळ यंत्रांत लिथियम व थायोनिल क्लोराइड यांचा घट असतो.

लिथियम हा सर्वांत हलका धातु. पाण्याशीं त्याचें हाडवैर. तेव्हां पाणी वर्ज्य करून थायोनिल क्लोराइड हा निरिंद्रिय द्रव घेतात व वीज वाहण्यासाठीं त्यांत लिथियम-ॲल्युमिनियम क्लोराइडचा क्षार विरघळवितात. मौज अशी कीं, हा द्रव विजेला वाट देतो आणि घटाची शिदोरीहि तोच होतो. काजळीच्या ध्रुवावर त्याचें विघटन होऊन गंधक, गंधकाचा वायु व लिथियमचें मीठ उरतें. दाब 3.6 व्होल्ट, साध्या सेलाचा 1.5. मंगळावर 1997 सालीं उतरलेल्या सोजर्नर गाडींतहि हेच घट होते.

दोघे एकत्र असूनहि घट आपोआप संपत कां नाहीं? दुधावर साय धरावी तसा लिथियमवर त्याच्या मिठाचा पातळ थर धरतो व तोच राखण करितो. वर्षाकाठीं सुमारें एक टक्काच शक्ति जाते. परंतु दीर्घ विश्रांतीनंतर हीच साय आड येते. प्रथम दाब खालीं जातो व मग सांवरतो. आम्हींहि एकदां असा धडधाकट घट मेला समजून काढून टाकिला! पंप चालविणें मात्र याचें काम नव्हे. थेंबथेंब खर्चासाठींच तो आहे.

आकार सारखा दिसला तरी हा घट विजेरींत घालूं नये. दुपटीहून अधिक दाबानें दिवा जातो. तो पुन्हा भरतां येत नाहीं. भरूं जातां फुटतो. 180 अंशांवर लिथियम वितळतें, म्हणून आगींत टाकणें जिवावरचें आहे. मुलांनीं दगडानें फोडल्यास आंतील वाफ हवेच्या ओलीशीं मिळून मिठाचें तेजाब होतें व छाती जाळते. संपलेला घट उकिरड्यावर वा विहिरींत टाकूं नये. टोकांस चिकटपट्टी लावून कोरड्या डब्यांत ठेवावा व विकणाऱ्याकडे परत द्यावा. 2022 च्या नियमांनीं वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकिली आहे.