खेळातून सुधारणेचे धडे : लघुउद्योगांतील कामगार प्रशिक्षणाचा एक मार्ग

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या स्पर्धाक्षमतेची चर्चा होते तेव्हा भांडवल, तंत्रज्ञान आणि बाजारपेठ या तीन बाबींवर भर दिला जातो. दैनंदिन कामाची पद्धत हा चौथा घटक मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. वास्तविक लुधियानातील सायकलींचे सुटे भाग असोत वा कोइम्बतूरचे पंप, खराब निघालेला माल, शोधाशोधीत गेलेला वेळ आणि यंत्रांच्या मध्ये पडून राहिलेला अर्धवट माल यांतून होणारा तोटा मालकाच्या नफ्यातून आणि अखेरीस कामगाराच्या मजुरीतून वसूल होत असतो. हा तोटा रोज थोडा थोडा कमी करीत जाणे म्हणजे सातत्यपूर्ण सुधारणा होय. जपानमध्ये यालाच ‘कायझेन’ म्हणतात.

ही संकल्पना भारताला नवी नाही. सांख्यिकीय गुणवत्ता नियंत्रणाचे जनक वॉल्टर श्यूहार्ट हे १९४७-४८ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून येथे आले होते. राष्ट्रीय उत्पादकता परिषद १९५८ मध्ये स्थापन झाली. भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या हैदराबाद येथील कारखान्यात १९८० मध्ये गुणवत्ता मंडळाचा प्रयोग सुरू झाला. मोठ्या उद्योगांनी हे ज्ञान आत्मसात केले. वीस-पंचवीस कामगारांच्या कारखान्यापर्यंत ते फारसे झिरपले नाही. तेथे प्रशिक्षणासाठी स्वतंत्र वर्ग नसतो, कामगार अनेकदा परप्रांतीय असतात आणि व्याख्यानाची भाषा सर्वांना सारखी समजतेच असे नाही. अशा ठिकाणी साध्या वस्तूंनी खेळता येणारे खेळ उपयुक्त ठरतात. त्यांपैकी तीन खेळांचा येथे विचार करू.

लाल मण्यांचा खेळ

अमेरिकन सांख्यिकीतज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी आपल्या चर्चासत्रांतून हा प्रयोग प्रसिद्ध केला. एका पेटीत ४,००० मणी असतात. त्यांपैकी ३,२०० पांढरे व ८०० लाल. पांढरा मणी म्हणजे चांगला माल आणि लाल मणी म्हणजे खराब माल. सहा ‘कामगार’ पन्नास खळगे असलेली फळी पेटीत बुडवून प्रत्येकी पन्नास मणी काढतात. निरीक्षक लाल मणी मोजतो, लेखनिक आकडा लिहितो आणि ‘व्यवस्थापक’ कमी लाल मणी काढणाऱ्याचे कौतुक करतो, तर जास्त काढणाऱ्याला ताकीद देतो.

पेटीत लाल मण्यांचे प्रमाण २० टक्के असल्याने फळीवर सरासरी दहा लाल मणी येणार हे उघड आहे. तथापि निव्वळ योगायोगाने हा आकडा साधारणपणे दोन ते अठरा यांच्या दरम्यान हलत राहतो. आज सहा मणी काढणारा गुणी कामगार उद्या पंधरा काढतो आणि कालचा ‘आळशी’ कामगार उद्या बक्षीस मिळवतो. कौतुकाने आकडा घटत नाही आणि धाकानेही घटत नाही. पेटीतील लाल मणी निम्मे केले की मात्र सरासरी आपोआप पाचच्या आसपास येते, आणि पेटीत काय भरायचे हे ठरविण्याचा अधिकार कामगाराला नसतो.

या खेळाचे सामाजिक मूल्य मोठे आहे. अनेक कारखान्यांत नगावर मजुरी दिली जाते आणि नापास झालेल्या नगांची मजुरी कापली जाते. दोष कच्च्या मालात, झिजलेल्या साच्यात किंवा अपुऱ्या उजेडात असेल, तर ही कपात म्हणजे पेटीतील लाल मण्यांसाठी हाताला केलेला दंड होय. म्हणूनच या खेळात मालकाने स्वतः कामगाराची भूमिका घेऊन फळी हाती धरणे आवश्यक आहे.

नाण्यांचा खेळ

चार व्यक्ती एका रांगेत बसतात. पहिल्याकडे वीस नाणी असतात. प्रत्येकाने नाणे उलटे करून पुढच्याकडे द्यायचे आणि चौथ्याकडून ते ‘ग्राहका’कडे जायचे. एक नाणे उलटण्यास एक सेकंद लागतो असे धरू. वीसही नाणी उलटून झाल्यावरच गठ्ठा पुढे सरकवला, तर ग्राहकाला सर्व माल ८० सेकंदांनी मिळतो. पाच-पाच नाण्यांचे गट केले, तर पहिला गट २० सेकंदांनी व शेवटचा ३५ सेकंदांनी पोचतो. एकेक नाणे पुढे सरकवले, तर पहिले नाणे चौथ्या सेकंदाला आणि शेवटचे तेविसाव्या सेकंदाला पोचते.

कोणाचाही हात पूर्वीपेक्षा वेगाने चाललेला नाही. प्रत्येकाने वीसच नाणी उलटली आहेत. वाचलेला वेळ हा गठ्ठ्यांच्या प्रतीक्षेचा होता. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही प्रतीक्षा म्हणजे अडकलेले खेळते भांडवल होय, आणि लघुउद्योजक त्यावर व्याज भरत असतो. शिवाय पहिल्याच टप्प्यावर चूक झाली असेल, तर मोठ्या गठ्ठ्यात ती वीस नगांनंतर कळते. एकेका नगाच्या पद्धतीत ती लगेच लक्षात येते.

मात्र खेळातील नाणे आणि कारखान्यातील यंत्र यांत फरक आहे. यंत्रावरचा साचा बदलण्यास दोन तास लागत असतील, तर लहान गट परवडणार नाहीत. त्यासाठी आधी साचा बदलण्याचा वेळ कमी करावा लागतो. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी हा वेळ दहा मिनिटांच्या आत आणण्याची पद्धत विकसित केली, तिचे महत्त्व येथे लक्षात येते.

आकड्यांचा कागद

तिसरा खेळ कामाच्या जागेच्या व्यवस्थेविषयी आहे. एका कागदावर १ ते ९० हे अंक वेडेवाकडे विखुरलेले असतात आणि त्यांतील १ ते ४९ ठरावीक वेळेत क्रमाने शोधायचे असतात. दुसऱ्या फेरीत ५० ते ९० हे अनावश्यक अंक काढून टाकले जातात, तिसरीत कागदावर चौकटी आखल्या जातात आणि चौथीत अंक क्रमाने मांडले जातात. प्रत्येक फेरीत काम सोपे होत जाते. पाना, मापक किंवा ड्रिल शोधण्यात पाळीतील किती वेळ जातो, याची जाणीव यातून होते.

खेळ घेताना घ्यावयाची काळजी

पहिली गोष्ट, दुसऱ्या फेरीतील प्रगतीचा काही भाग केवळ सरावाचा असतो. म्हणून शेवटी जुन्या पद्धतीची एक फेरी पुन्हा घेऊन आकडे ताडून पाहावेत. दुसरी गोष्ट, प्रत्येक फेरीत एकच बदल करावा. अन्यथा कोणत्या बदलाने फरक पडला ते कळत नाही. तिसरी गोष्ट, खेळाइतकाच वेळ चर्चेला द्यावा आणि सर्वांत कनिष्ठ कामगाराला प्रथम बोलू द्यावे.

याहून महत्त्वाची अट खेळ संपल्यानंतरची आहे. त्याच आठवड्यात कारखान्यातील एक खरी अडचण निवडून कामगारांनी सुचविलेला बदल अमलात आणला नाही, तर खेळ ही करमणूक ठरते. तसेच वाचलेल्या वेळातून कामगारकपात होणार असेल, तर सूचना करण्यास कोणी पुढे येणार नाही. सुधारणेमुळे कोणाचीही नोकरी जाणार नाही आणि लाभाचा वाटा मजुरीत मिळेल, ही हमी आधी द्यावी लागते.

धोरणाच्या दिशेने

केंद्र सरकारने १० मार्च २०२३ रोजी लघुउद्योगांसाठी सुधारित ‘लीन’ योजना सुरू केली. तीत मार्गदर्शन व सल्लासेवेच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकारने उचलण्याची तरतूद करण्यात आली. पूर्वी हे प्रमाण ८० टक्के होते. आर्थिक अडसर यामुळे कमी होतो. तथापि सल्लागार येऊन अहवाल देऊन गेला, एवढ्याने कामाची सवय बदलत नाही. अशा योजनांचे मूल्यमापन करताना किती प्रशिक्षणे झाली याबरोबरच कामगारांच्या किती सूचना अमलात आल्या आणि सहा महिन्यांनंतर त्यांतील किती टिकून राहिल्या, हेही मोजले जावे.

मणी, नाणी आणि कागद यांना खर्च जवळपास नाही. त्यांच्या साहाय्याने मालक आणि कामगार एकाच बाजूला बसून दोष पद्धतीत शोधू लागले, तर उत्पादकता आणि न्याय्य मजुरी ही दोन्ही उद्दिष्टे एकाच वेळी साधण्याची शक्यता निर्माण होते.