दडा बसलाय म्हणून थांबू नकोस

अगं, सकाळी उठलीस तर डावा कान एकदम बंद, आत शिट्टी वाजतेय, आणि घरात जो तो वैद्य झालाय. हळदीच्या डीजेनं दडा बसला असेल, मळ असेल, सर्दी असेल. सासूबाई लसणाचं तेल कोमट करून उभ्या. जळगावच्या मावशींचा फोन आला, "सुयांच्या डॉक्टरकडे जा, आमच्या शेजारणीचा कान उघडला." खरं सांगू का, यातलं काहीही आत्ता करायचं नाही. तेल तर मुळीच नाही.

आधी ओठ मिटून "हूंऽऽ" कर. आवाज बंद कानात मोठा वाटला तर बहुधा मळ किंवा पाणी. चांगल्या कानाकडे सरकला तर नस दुखावल्याची शक्यता, आणि मग घाई करायची. हा नुसता अंदाज गं, पण पाय उचलायला पुरेसा आहे. कसाही वाटला तरी आजच कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं. तुझ्या पारोळ्याहून धुळं जवळ. तिथं हिरे मेडिकल कॉलेज आहे, नाहीतर जळगावचं सरकारी मेडिकल कॉलेज. "अचानक ऐकू येणं बंद झालंय, आजच तपासा" असं केसपेपरच्या खिडकीवरच सांग, नाहीतर नुसता कान दुखतो समजून पुढच्या तारखेला ढकलतील.

तिथं दुर्बिणीतून कान बघतील, मग बंद खोलीत हेडफोन लावून बटण दाबायला देतील. ती ऑडिओमेट्री. ७२ तासांच्या आत आवाजाच्या सलग तीन पट्ट्यांत ३० डेसिबल किंवा जास्त घट झाली, तर त्याला अचानक आलेला बहिरेपणा म्हणतात. बहुतेकदा एकाच कानाला येतो आणि कारण सापडतच नाही. तेव्हा "मी काय केलं असेल" हे उगाळत बसू नकोस. नसेवर गाठ नाही ना, हे बघायला पुढे एमआरआय सांगतात. लगेच घाबरू नकोस, गाठ क्वचितच निघते. मात्र कानासोबत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर थेट इमर्जन्सीत.

उपचार म्हणून बहुधा स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाल्या तर उपयोगाची शक्यता जास्त. गोळ्यांनी फरक पडला नाही तर पुढच्या काही आठवड्यांत कानाच्या पडद्यातून इंजेक्शनही देतात. तुला साखर असेल तर आधी सांग, स्टेरॉइडनं ती वाढते. झोप उडते, म्हणून गोळ्या बहुधा सकाळी नाश्त्यानंतर. मनानं बंद करायच्या नाहीत.

आता सुया, म्हणजे अॅक्युपंक्चर. मावशींवर रागावू नकोस बघ, त्या वेडं काही सांगत नाहीयेत. चीनमध्ये या आजारात कानापुढच्या आणि कानामागच्या बिंदूंवर सुया टोचतात, काढेही देतात. त्यांच्या वैद्यकात कानाचा संबंध मूत्रपिंडाशी जोडतात. आपल्याकडे ही विद्या तशी उशिरा आली. १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस सर्जन म्हणून गाजले. त्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी मात्र पुढे चीनमध्येच सुया शिकून त्या कलकत्त्यात आणल्या. आता महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरचा कायदा आहे, परिषद आहे. तेव्हा जायचंच तर नोंदणी विचार, आणि सुया नव्या, तुझ्यासमोर फोडलेल्या पाकिटातल्या हव्यात. मला तर इंजेक्शन नुसतं दिसलं तरी घाम फुटतो, पण या सुया केसाइतक्या बारीक असतात, फार दुखत नाहीत म्हणे.

पण शेजारणीचा कान सुयांनीच उघडला का? सांगता येत नाही गं. बऱ्याच जणांना काहीही न करता थोडंफार ऐकू यायला लागतं. सुयांवरचे बहुतेक अभ्यास चीनमधले, छोटे, आणि त्यात औषधंही बरोबरीनं चालू असतात. म्हणून गोळ्यांसोबत, डॉक्टरांना सांगून सुया घेतल्यास तर माझं काही म्हणणं नाही. गोळ्यांऐवजी मात्र नाही. आणि बिननावाच्या पुड्या अजिबात नकोत, विशेषतः रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर.

तोवर स्कूटी चालवू नकोस, हायवेवर मागून येणारा ट्रक कुठल्या बाजूनं येतोय ते कळत नाही. चक्कर येत असेल तर जिन्यावर कुणाला तरी सोबत घे. पोरांना सांग, उजव्या बाजूनं येऊन बोला. आणि निघताना साखरेचे जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाक. मावशींना मी फोन करते.