जुन्या मोटारीचे इंजिन : खर्चाचा हिशेब

नवी मोटार घेणे प्रत्येक कुटुंबास परवडतेच असे नाही. घरची जुनी मोटार आणखी काही वर्षे चालवावयाची, तर इंजिनावर थोडा खर्च करणे भाग पडते. हा खर्च म्हणजे एक प्रकारची गुंतवणूकच होय आणि गुंतवणुकीपूर्वी परताव्याचा हिशेब मांडणे इष्ट असते.

उदाहरणादाखल मारुती ८०० घेऊ. १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेल्या या मोटारीचे इंजिन तीन सिलिंडरचे व ७९६ सी.सी. क्षमतेचे आहे.

१) आधी तपासणी : प्रत्येक सिलिंडरमधील कॉम्प्रेशनचा दाब मोजून घ्यावा. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी भरल्यास प्लगच्या छिद्रातून थोडे ऑइल सोडून तो पुन्हा मोजतात. दाब वाढला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असाव्यात. न वाढल्यास दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये संभवतो. हा दोष दूर केल्याखेरीज अन्य सुधारणांवर पैसा घालू नये.

२) मग स्वस्त कामे : स्पार्क प्लग व एअर फिल्टर बदलणे, टॅपेटचे अंतर जुळवणे आणि जुन्या नमुन्यात कार्ब्युरेटरची सफाई करणे, एवढ्यानेही गाडीची गेलेली ताकद बरीच परत येऊ शकते. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याचा जुन्या रबरावर परिणाम होत असल्याने इंधनाच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या बसवाव्यात.

३) शेवटी सीएनजी : समजा, कीटचा खर्च ४०,००० रुपये आहे. पेट्रोल लिटरला १०० रुपये व सरासरी १५ कि.मी. धरल्यास दर कि.मी.ला ६.६७ रुपये पडतात. सीएनजी किलोला ८० रुपये व सरासरी २० कि.मी. धरल्यास ४ रुपये पडतात. बचत २.६७ रुपयांची, म्हणजे सुमारे १५,००० कि.मी. धावल्यावर खर्च भरून निघेल. महिन्याला १,५०० कि.मी. धावणाऱ्या गाडीस त्यासाठी १० महिने पुरतील, तर ५०० कि.मी. धावणाऱ्या गाडीस ३० महिने लागतील. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते व पुढे तिचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. नोंदणीची मुदत त्याआधीच संपत असल्यास नूतनीकरणाचा खर्चही हिशेबात धरावा. सीएनजीवर इंजिनाची ताकद काहीशी घटते, हेही ध्यानात ठेवावे.

कायदेशीर बाजू : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील बदलांवर निर्बंध आहेत. म्हणून मान्यताप्राप्त कीटच बसवून त्याची नोंद आर.सी.मध्ये करून घ्यावी. विमा कंपनीस लेखी कळवावे. अन्यथा अपघातानंतर दावा अडचणीत येऊ शकतो. वाहनावर कर्ज असल्यास बँकेस आधी कळवावे. गॅस सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करणे बंधनकारक आहे.

थोडक्यात, तपासणी, देखभाल आणि मगच बदल, हा क्रम पाळल्यास जुनी मोटार घरखर्चावर भार न होता सेवा देत राहील.